चित्रातली दोरी

एसटी स्टँडच्या बाकावर एक माणूस मोबाइलवर व्हिडिओ पाहतो आहे. आजूबाजूला गर्दी, म्हणून आवाज बंद. पडद्यावर बांधावर एक जण पाय धरून बसलेला दिसतो. दुसरा धावत येतो, त्याच्या पोटरीवर सुतळी करकचून आवळतो, खिशातून ब्लेड काढतो. तेवढ्यात गाडी लागते आणि फोन खिशात जातो.

व्हिडिओ होता सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराचा. निवेदक सांगत होता, ‘ही चूक कधीही करू नका.’ पण ते ऐकू आलंच नाही. गाडीत चढलेल्या त्या माणसाच्या डोक्यात आता दोन गोष्टी आहेत : सुतळी आणि ब्लेड.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण असं व्हायला फार काही लागत नाही. व्हिडिओत एकही वाक्य चुकीचं नसेल. एखाद्या डॉक्टरांनी संहिता तपासून दिली असेल. कॅमेरा चांगला असेल, कलाकारही. चूक झाली ती त्याआधी, कोणत्या क्षणी पडद्यावर काय दिसणार हे ठरवताना. किंवा ते ठरवायचं राहूनच गेलं. ते ठरवण्याच्या कागदाला स्टोरीबोर्ड म्हणतात.

स्टोरीबोर्ड म्हणजे चौकटींची वही. प्रत्येक चौकटीत एक चित्र, म्हणजे त्या वेळी पडद्यावर काय असेल ते. खाली तीन ओळी : निवेदनात काय ऐकू येईल, पडद्यावर कोणती अक्षरं येतील आणि हे किती सेकंद चालेल. चित्र सुबक असण्याची गरज नसते, काडीची माणसं चालतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं अशी भिंतीवरच्या फळ्यावर ओळीनं टाचून ठेवण्याची पद्धत रुळली. चित्र हलवायचं तर टाचणी काढायची आणि दुसरीकडे लावायची, इतकं सोपं. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी नेहमीसारखी पटकथा न लिहिता वहीत चित्रं काढली होती, हे चित्रपटप्रेमींना माहीत असतं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली होती. पैसे घालणाऱ्यांना पटवण्यासाठी केलेली ती खटपट आज शालेय विज्ञानाच्या तासाला लावता येईल. अशा कामात आधी ठरवावंच लागतं, कारण रोप एकदा वाढलं की पुन्हा बी होत नाही.

करमणुकीच्या व्हिडिओत स्टोरीबोर्ड पैसे वाचवतो. आरोग्याच्या व्हिडिओत त्याचं काम त्याहून गंभीर असतं. सर्पदंशाचंच पाहा. ‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक ग्रामीण भागातले. औषध आहे, ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, तरीही हे घडतं. चावा आणि रुग्णालय यांच्या मधला वेळ मांत्रिकाकडे, देवळात, दोरी शोधण्यात, साप शोधण्यात जातो. व्हिडिओला काही करायचं असेल तर ते या मधल्या वेळेतच करता येईल.

त्यामुळे स्टोरीबोर्डची पहिली चौकट काढण्याआधी एक वाक्य लिहावं लागतं : हा व्हिडिओ पाहिलेला माणूस उद्या नेमकं काय करेल? ‘सर्पदंशाविषयी जागरूकता’ हे उत्तर नव्हे. जागरूकता चित्रात काढता येत नाही. ‘साप चावला तर दोरी बांधणार नाही, चावलेला हात किंवा पाय हलू देणार नाही आणि कुठंही न थांबता रुग्णालयात नेईल’ हे उत्तर आहे, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट एका चौकटीत काढता येते.

हे वाक्य लिहिलं की वगळण्याचं काम सुरू होतं आणि ते क्लेशदायक असतं. सापांवर सांगण्यासारखं एवढं आहे! प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून कसं तयार करतात, मुंबईच्या हाफकिनमध्ये ते कसं घडत आलं, घोणशीचं विष रक्ताच्या गोठण्यावर आणि नागाचं मज्जासंस्थेवर कसा परिणाम करतं... प्रत्येक गोष्ट रंजक, आणि तीन मिनिटांच्या या व्हिडिओत प्रत्येक गोष्ट अडचणीची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र आले की माणूस कसा शिकतो याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या काही प्रयोगांत विद्यार्थ्यांना वीज कशी पडते हे शिकवलं गेलं. काहींच्या धड्यात वीज पडून जखमी झालेल्यांच्या चटकदार हकिकती घातल्या होत्या, काहींच्यात नव्हत्या. हकिकती वाचलेल्यांना वीज कशी पडते हे कमी आठवलं. चटकदार मजकूर लक्ष खेचतो, पण भलतीकडे.

सापाच्या व्हिडिओत ‘विषारी साप ओळखा’ हा भाग असाच घुसतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांची सुंदर छायाचित्रं, प्रत्येकाला चार सेकंद. बघणाऱ्याला वाटतं, आता मला साप ओळखता येतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्या अंगावरच्या पट्ट्यांत दिवसाउजेडी, शांतपणे पाहतानाही लोकांची गल्लत होते. रात्री बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला काय कळणार? भारतात दिलं जाणारं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालतं. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नसते, आणि मारायला गेलेला दुसरा माणूस चावा घेऊन येण्याची शक्यता मात्र असते. म्हणून ओळखपरेडीच्या चारही चौकटी फाडून टाकायच्या. त्यांच्या जागी एकच : अंधारात शेपटाचं टोक गवतात जाताना दिसतं आहे आणि माणसांची तोंडं सापाकडे नव्हे, चावा झालेल्याकडे वळलेली आहेत.

आता दोरीचा प्रश्न. स्टोरीबोर्डचं खरं डोकं इथं लागतं.

दोरी दाखवायचीच नाही, असं पटकन वाटतं. पण बघणाऱ्याच्या मनात ती आधीपासून आहे. आज्यानं बांधलेली पाहिली आहे, सिनेमात पाहिली आहे. तिच्याबद्दल गप्प बसलेला व्हिडिओ ती तिथंच ठेवून जातो. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी पीएचडीसाठी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर नेमका हाच प्रश्न तपासला होता. चेंडू वर फेकला की त्यावर कोणती बलं काम करतात, अशासारखे विषय. सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, ‘छान समजलं’ असं ते म्हणाले; परीक्षेत मात्र फारसा फरक पडला नाही, कारण आपली जुनी चुकीची कल्पनाच व्हिडिओत सांगितली आहे असा त्यांचा समज झाला. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत एका पात्राच्या तोंडून आली आणि मग तिच्यावर वाद झाला, तो त्यांना गोंधळात टाकणारा वाटला; पण शिकणं त्यातून जास्त झालं. हेच मुलर पुढं ‘व्हेरिटेसियम’ या वाहिनीमुळे जगभर माहीत झाले.

म्हणजे चुकीची समजूत आणायला हवी. प्रश्न आहे तो कुठून आणायची : तोंडातून की हातातून? भौतिकशास्त्राच्या व्हिडिओत अर्धवट पाहून उठलेल्या मुलाचा एखादा गुण जाईल. प्रथमोपचाराच्या व्हिडिओत अर्धवट पाहिलेली कृती कुणाच्या तरी पायावर होईल. आवळून बांधलेल्या दोरीनं खालचा रक्तपुरवठा थांबतो, अवयव सडू शकतो आणि दोरी सोडताक्षणी अडकलेलं विष एकदम अंगात पसरण्याचा धोका असतो. ब्लेडनं चिरलं आणि चावा घोणस किंवा फुरशाचा असेल, तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून चूक बोलली जावी, पण पुरी होताना दिसू नये. चौकट अशी काढता येईल : म्हातारे काका दोरी घेऊन पुढं येतात, ‘आधी वर आवळून बांधा रे!’ त्याच चौकटीत, पुढच्या नव्हे, आशाताईंचा हात त्यांच्या मनगटावर आहे. ‘काका, दोरी नको. गाडी काढा.’ आवाज बंद करून पाहिलं तरी थांबवणारा हात दिसतो. कुणी तेवढाच तुकडा कापून पुढं पाठवला तरीही.

लाल फुलीवर विसंबू नये. फुली म्हणजे ‘हे करू नका’, ही शाळेत शिकलेली खूण आहे. जिला पाटी-पुस्तक मिळालं नाही त्या आजीला तीच फुली दवाखान्याच्या चिन्हासारखी वाटू शकते. शिवाय छोट्या पडद्यावर फुली खालचं चित्र झाकते, ते वेगळंच.

यापेक्षा मोठा सापळा पुढच्या चौकटीत असतो आणि तो कागदावर चित्र काढल्याशिवाय दिसतच नाही. भारतातल्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर ठेवतात तसा आधार देऊन स्थिर ठेवावा. आधाराची काठी जागेवर राहण्यापुरतं कापड गुंडाळावं, दाब देऊ नये. संहितेत ही दोन स्वच्छ वाक्यं आहेत. आता ती काढून पाहा. पायाला काठी, त्यावर दोन-तीन ठिकाणी बांधलेलं कापड. बोटभर रुंदीच्या मोबाइल-चित्रात हे कशासारखं दिसतं? दोरी बांधल्यासारखं! एका चौकटीत ‘बांधू नका’ आणि पुढच्याच चौकटीत बांधलेला पाय. संहिता शंभर वेळा वाचून हा घोटाळा सापडला नसता.

उपाय चित्रातच शोधावा लागतो. सुतळीऐवजी रुंद ओढणी किंवा पंचा काढायचा, म्हणजे आकारच वेगळा दिसेल. काठी जवळपास पायाएवढी लांब घ्यायची. आणि एक जवळून घेतलेली चौकट वाढवायची : कापडाखालून एक बोट सहज सरकवून दाखवणारा हात. ‘सैल’ हा शब्द न लिहिताही कळतो. त्याआधी अजून एक चौकट हवी, सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, जोडवी काढून घेण्याची. ती बहुतेक वेळा राहून जाते, कारण संहितेत ते एका वाक्याचं शेपूट असतं. चौकट असली की आठवण राहते.

इथंच आयत्या चित्रणाचा मोह होतो. इंटरनेटवर सर्पदंशावरचं परदेशी चित्रण मुबलक आहे, त्यातलं पुष्कळ ऑस्ट्रेलियातलं. तिथं पूर्ण पायाला घट्ट पट्टी गुंडाळायला शिकवतात, कारण तिथले साप वेगळे आणि तिथला सल्ला वेगळा. आपल्याकडच्या घोणस-फुरशाच्या चाव्यात जागेवरच सूज आणि इजा मोठी असते. ते चित्रण उचलून त्यावर मराठी निवेदन चढवलं, तर बोलणं भारतातलं आणि पाय ऑस्ट्रेलियातला असा प्रकार होतो.

मण्यारीची चौकट सगळ्यांत अवघड, कारण तिथं दाखवायला काही नसतं. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण बरेचदा दिसतसुद्धा नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून रडत उठतं. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. थोड्या वेळानं पापण्या मिटू लागतात. झोप अनावर झाली असावी असं वाटतं. मग बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. या प्रसंगात साप दाखवला तर चित्र खोटं होतं, कारण घरच्यांनी साप पाहिलेलाच नसतो. म्हणून या भागाला पाच चौकटी द्याव्या लागल्या तरी चालतील : जमिनीवरची वाकळ, भिंतीवरच्या घड्याळात चार, पोट धरलेलं मूल, जवळून चेहरा, आई ‘वर बघ’ म्हणते आणि पापण्या वर जात नाहीत. शेवटच्या चित्राला आठ सेकंद पूर्ण द्यायचे, निवेदन थांबवून. तीच वाकळ नीट खोचलेल्या मच्छरदाणीत, हे व्हिडिओच्या शेवटी यायला हवं. मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

रुग्णालयापर्यंतचा प्रवास लहान चौकटींत उरकता येतो. १०८ला फोन. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकल : पुढं चालवणारा, मध्ये रुग्ण, मागं त्याला धरून बसलेला तिसरा. नेपाळच्या तराईत स्वयंसेवकांनी अशीच माणसं तातडीनं पोचवण्याची व्यवस्था केली होती आणि तिथले सर्पदंशाचे मृत्यू लक्षणीय कमी झाले. रुग्णाला चालत नेताना दाखवू नये, मागच्या कोपऱ्यात चालणाऱ्या माणसाचंसुद्धा चित्र नको. पोचल्यावर एक चौकट काचेच्या नळीची : रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि रक्त गोठलं की नाही ते पाहतात. हे दाखवलं नाही, तर ‘डॉक्टर नुसतं बसवून ठेवतात’ म्हणून नातेवाईक रुग्णाला उठवून दुसरीकडे नेतात.

आता घड्याळ. निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढं जाऊ नये. तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द, त्यातही शांततेच्या जागा सोडायच्या. प्रत्येक चौकटीखालचा मजकूर मोठ्यानं वाचून सेकंद लिहायचे. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं. निवेदकाचं पूर्ण वाक्य पडद्यावर पुन्हा छापायचं नाही. डोळे अक्षरांवर गेले की चित्र सुटतं, हेही मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. ‘दोरी नको’ एवढे दोनच शब्द पुरेत, आणि तेही दोरीच्या शेजारी, पडद्याच्या तळाशी नव्हे. भाषाही बघायची. ‘दंश झालेला अवयव अचल ठेवा’ हे निवेदनात वाचून पाहिलं की वाचणाराच अडखळतो. अनेक गावांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. पात्रांनी तेच म्हणावं.

चौकटी भिंतीवर लागल्या की डॉक्टरांना बोलवायचं, नुसती संहिता मेलवर पाठवायची नाही. त्यानंतर, आणि हे बहुतेकदा होत नाही, पाच-सहा अशा माणसांना बोलवायचं ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. मजकूर झाकायचा, एकेक चित्र दाखवायचं आणि विचारायचं, ‘इथं काय चाललंय?’ ‘कळलं का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाराज कोण करणार. आरोग्यशिक्षणात एक जुना किस्सा सांगितला जातो : हातभर मोठा डास पाहून गावकरी म्हणाले, आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत, आम्हाला काळजी नाही. किस्सा खरा असो वा रचलेला, जवळून घेतलेल्या चित्राबाबतची शंका खरीच आहे. शेवटी त्यांच्या हातात काठी आणि पंचा देऊन सांगायचं, ‘समजा, माझ्या पायाला पान लागलं. काय कराल?’ त्यांनी पंचा गुडघ्याच्या वर करकचून बांधला, तर कोणती चौकट बदलायची ते लगेच कळतं. त्यासाठी एक कागद फाडावा लागतो. चित्रीकरण झाल्यावर हेच कळलं, तर आख्खं युनिट पुन्हा त्या बांधावर न्यावं लागेल आणि तोवर पैसे संपलेले असतील.

शेवटची चौकट मात्र चित्रकाराला पूर्ण करता येत नाही. तीत एक पाटी आहे आणि पाटीवर तीन मोकळ्या रेघा : जवळचं कोणतं सरकारी रुग्णालय, तिथं प्रतिविष रात्रीही मिळतं का, श्वास अडला तर कृत्रिम श्वासाची सोय कुठं. प्रत्येक तालुक्यासाठी या रेघा वेगळ्या भरायच्या आहेत. पावसाळ्याआधी कुणीतरी रुग्णालयात फोन करून विचारेपर्यंत ती पाटी तशीच कोरी राहते.